चुलाणापुरती आठ क्रियापदं

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. भालकी.

नवी वही. मी माणिकप्पा, वय त्रेपन्न, शिक्षण नववी. लोक विसरतात, म्हणून स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूंची यादी आधी लिहून ठेवतो.

१. तुरीच्या शेंगा मळायचं हातयंत्र. अजून चालतं.
२. पायाने दाबून उसाचा डोळा काढायचं यंत्र, नग चौदा.
३. माझ्या पत्रेकामाच्या दुकानाचं शटर, स्प्रिंगसकट.
४. मुलीची, ज्योतीची सायकल. दोन जुन्यांची मिळून एक.
५. घरच्या चुलीवरचं पत्र्याचं धुराडं. चूल बायकोने, भुवनेश्वरीने घातलेली आहे, म्हणून ती यादीत धरलेली नाही.
६. टाकी भरली की वाजणारी घंटा.
७. गुळाच्या काहिलीतली, म्हणजे मोठ्या कढईतली, मळी काढायचा लांब दांड्याचा झारा, गुऱ्हाळातल्या कल्लप्पाच्या उंचीच्या मापाने.
८. कन्नड लिहिणं-वाचणं. हे हातांनी केलेलं नाही, पण शाळा मराठी होती आणि हे मी बसच्या पाट्यांवरून एकट्याने केलं, म्हणून धरतो.
९. चुलाण, म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी. तीन काहिलींचं, नुसत्या चिपाडावर, रस काढलेल्या उसाच्या चोथ्यावर चालणारं, परतीच्या जाळाचं. कुणाकडून शिकलो नाही, कुठे पाहिलं नाही.

वही नवव्या वस्तूसाठी केली आहे. बाकी गुऱ्हाळांत अर्धा जाळ धुराड्यातून आभाळाला जातो आणि वर लाकूड विकत आणावं लागतं. माझ्या चुलाणात जाळ तिन्ही काहिलींखालून जातो, शेवटी आडभिंतीला लागतो आणि एका अरुंद फटीतून वळून पहिल्या काहिलीखाली परत येतो. तिथला कच्चा रस फुकटात तापतो. अकरा वेळा बांधलं आणि अकरा वेळा पाडलं, बाराव्यांदा जमलं, तीन वर्षांपूर्वी. आणि लोक त्याला काय म्हणतात? ‘राघोबाचं चुलाण’. कारण गुऱ्हाळ राघोबाचं आहे. जागा त्याची असेल, चुलाण माझं आहे. हे मरायच्या आधी सर्वांना कळावं एवढीच इच्छा.

२१ नोव्हेंबर, गुरुवार.

ज्योतीचा बिदरहून फोन. तिथे ती शाळेत शिकवते. गेल्या हंगामात तिने चुलाणाचा व्हिडिओ काढून टाकला होता, तो कोलंबिया देशातल्या नुबिया नावाच्या बाईने पाहिला. ही बाई ऊस लावते आणि गूळ करते. त्यांच्याकडेही गूळ होतो हे मला माहीत नव्हतं. वेगळं नाव आहे, वस्तू तीच. हैदराबादला शेतकऱ्यांच्या कसल्याशा प्रशिक्षणासाठी ती डिसेंबरात महिनाभर येणार आहे आणि २७ तारखेला चुलाण पाहायला भालकीला येते म्हणते. त्यांच्या डोंगरातलं लाकूड संपत आलं, पुढच्या वर्षीपासून तोड बंद. चिपाडावर चालणारं चुलाण जमलं नाही तर गावातली तिन्ही गुऱ्हाळं बंद पडतील.

तिला स्पॅनिश येतं, इंग्रजी नाही. मला इंग्रजी मोटारीच्या पुस्तकापुरतं. ज्योती म्हणाली, फोन भाषांतर करतो. करून पाहिलं. ‘चुलाणाच्या पोटात जाळ वळतो’ असं बोललो, त्याचं स्पॅनिश केलं, त्याचं परत मराठी करून वाचलं, तर ‘पोटात जळजळ होते’ असं निघालं. शिवाय काहिलीजवळ फोन तापून बंद पडतो.

छत्तीस दिवस आहेत. शिकतो.

२५ नोव्हेंबर, सोमवार.

सुरुवात जाणं-येणं या क्रियापदांपासून केली, कारण ज्योतीने पाठवलेल्या धड्यांत ती पहिली होती. एकूण आठ: जाणं, येणं, शिरणं, निघणं, चढणं, उतरणं, पोचणं, परतणं. मी, तू, तो, आपण, ते अशी प्रत्येकाची पाच रूपं. आठ पंचे चाळीस. कागदावर पाठ होईना, म्हणून पत्र्याचं चाक केलं. दोन चकत्या, मध्ये रिबिट, वरच्या चकतीला खिडक्या. फिरवलं की खिडकीत रूप दिसतं. व्यास एकवीस सेंटिमीटर. अक्षरं खिळ्याने ठोकली आहेत, पुसायची नाहीत.

तक्रार एकच. जाण्याचा मूळ शब्द ‘इर’. पण ‘मी जातो’ म्हणजे ‘बोय’. यात इर कुठे आहे? हा शब्द करणाऱ्याने माप घेतलं नव्हतं. ज्योतीला फोनवर असंच म्हणालो, तर ती म्हणाली, ‘अप्पा, आपल्या जाण्याचंसुद्धा “गेला” होतंच की. त्यातला ज कुठं गेलाय?’

यावर अजून विचार चालू आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार.

सकाळी साडेपाच ते साडेसहा पाठांतर, मोठ्याने. भुवनेश्वरी भाकरी थापते, मी चुलीसमोर पाटावर बसून म्हणतो. तेवढीच गरम जागा आहे. आज मधेच म्हणाली, ‘काल सुबे म्हनलाव, आज सुबा कामून म्हनायलाव?’ चाक फिरवून पाहिलं. सुबे, म्हणजे चढतो, बरोबर होतं. तव्याच्या आवाजात माझं चुकलं असणार.

२ डिसेंबर, सोमवार.

आज मोठी गोष्ट झाली.

गुऱ्हाळावर उभा होतो. पहिला हंगामी ऊस, चुलाण नीट पेटलेलं. नुबियाबाईला हे सगळं कसं सांगायचं याची मनात जुळणी करत होतो. हवा शिरते. जाळ जातो. तिसऱ्या काहिलीपर्यंत पोचतो. भिंतीशी चढतो. परततो. धूर निघतो. रस येतो, खालच्या काहिलीत उतरतो. मोजले. आठ. चुलाणात याशिवाय दुसरं काही घडतच नाही. सगळं चुलाण म्हणजे जाणं-येणं.

म्हणजे सगळी भाषा शिकायची गरज नाही. आणि यातलं काहीही ‘मी’ करत नाही, ‘तू’ करत नाही, ‘आपण’ करत नाही. हवा करते, जाळ करतो, धूर करतो. पाचांतलं एकच रूप लागतं. चाळीसचे आठ झाले. बाकी बत्तीस रूपं म्हणजे चिपाडाऐवजी लाकूड जाळणं.

घरी येऊन नवं चाक केलं, आठ खिडक्यांचं. जुनं भंगारात टाकणार होतो, भुवनेश्वरीने मागून घेतलं. पिठाच्या डब्याला झाकण हवं होतं म्हणे. माप अगदी बरोबर बसलं.

तिला सगळं समजावून सांगितलं. तिने विचारलं, ‘बस’ आणि ‘जेव’ला काय म्हणायचं. मी म्हणालो, चुलाणाला ते लागत नाही. तर म्हणते, ‘बाई चुलाणात ऱ्हानार हाय का?’

संध्याकाळी ज्योतीशी फोनवर बराच वेळ बोलत होती, पाठकोऱ्या कागदावर काही लिहूनही घेतलं. भाजीबिजीचं असेल.

९ डिसेंबर, सोमवार.

कल्लप्पासमोर तालीम. कल्लप्पा आमचा गुळव्या. पाक केव्हा उतरवायचा ते त्याच्या बोटाला कळतं, दुसऱ्या कुणाला नाही. मी काठीने धुराडं दाखवून म्हणालो, ‘साले एल उमो.’ म्हणजे धूर निघतो. कल्लप्पा झारा खाली ठेवून म्हणाला, ‘अण्णा, कुनाला म्हनायलास?’ अर्थ सांगितला, तरी दिवसभर जो येईल त्याला ‘या साले’ म्हणत होता. शिक्षण नसलं की असं होतं.

१४ डिसेंबर, शनिवार.

हैदराबादहून महेशकुमार नावाचे गृहस्थ आले. शेतीची यंत्रं करणाऱ्या एका कंपनीत आहेत. इस्त्रीचा शर्ट, पण चुलाणाच्या तोंडाशी उकिडवे बसून आत वाकून पाहिलं, हे मला आवडलं. त्यांना चुलाणाची रचना विकत हवी आहे. रकमेचा आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही. आकडा डोळ्यांसमोर असला की डोकं सरळ चालत नाही.

कागद दाखवला. त्यात एक ओळ अशी आहे: ‘सदर रचना संपूर्णतः माझ्या एकट्याच्या बुद्धीने व कष्टाने सिद्ध झाली असून ती कोणाही अन्य व्यक्तीकडून घेतलेली नाही.’ तीन वेळा वाचली. सत्तावीस वर्षांच्या कामात असं कुणी लिहून दिलं नव्हतं. आज कंपनीच्या कागदावर आहे. राघोबाचं नाव कुठेही नाही.

दुसरी ओळ: सही केल्यावर मी ते कुणाला शिकवायचं नाही की बांधून द्यायचं नाही. नुबियाबाईचं विचारलं. महेशकुमार म्हणाले, सही जानेवारीत करू, बाई पाहून जातील, हरकत नाही. मात्र तिकडे बांधायचं तर कंपनीचा परवाना घ्यावा लागेल. तो परवाना केवढ्याला, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

पहिल्या ओळीने छाती फुगते, दुसरी पटत नाही. भुवनेश्वरीला कागद वाचून दाखवला. तिने ‘एकट्याच्या’पाशी मान वर केली आणि परत तांदूळ निवडायला लागली.

२० डिसेंबर, शुक्रवार.

आठही क्रियापदं झोपेतून उठवलं तरी येतात. हवा, जाळ, धूर, रस, उष्णता हे पाच शब्द वेगळे केले. एकूण तेरा. आता बाईने यायचं तेवढं राहिलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार.

आली. बस पंचवीस मिनिटं उशिरा. उंची माझ्या खांद्याएवढी, वय पन्नाशीच्या पुढे, हातांना उसाचे वण. हात पाहिल्यावर बरं वाटलं. मी तयार केलेलं वाक्य म्हणालो: ‘ला सेन्योरा येगा.’ बाई पोचते. ती हसून बरंच काही बोलली, त्यातलं ‘दोन माणिक’ एवढंच कळलं. ‘दोन’ हा त्यांच्यात मानाचा शब्द आहे, नावाआधी लावतात. कल्लप्पा बरोबर होता, म्हणाला, ‘दोन न्हाई बाई, एकच पुरं हाय आमाला.’

मुक्काम आमच्याकडेच. भुवनेश्वरीने तिला आत नेलं, पाट दिला. पाच मिनिटांत ती बसून खात होती. भुकेला भाषा लागत नाही.

२८ डिसेंबर, शनिवार.

पूर्ण दिवस चुलाणावर. काठी घेऊन एकेक जागा दाखवली. ‘एन्त्रा एल आयरे.’ हवा शिरते. तिने मान हलवली. ‘बा एल फुएगो.’ जाळ जातो. तिने वहीत लिहिलं. धूर निघतो, रस येतो, रस उतरतो. सगळं कळलं. एकही शब्द परत विचारला नाही. मधे कल्लप्पाने रानभेंडीचा चीक रसात घातला तेव्हा ती एकदम उठली. त्यांच्याकडे एका झाडाची साल अशीच घालतात, मळी वर यायला. मग दोघंही काहिलीवर वाकून तासभर बोलले. तो कन्नडमधून, ती स्पॅनिशमधून. काय बोलले कुणास ठाऊक. दोघांचं एकमत झालं.

पण खरी गोष्ट अडली. आडभिंतीपाशी नेऊन सांगितलं: ‘ब्वेल्वे एल कालोर.’ उष्णता परतते. तिने मान हलवली, पण आडवी. ‘नो ब्वेल्वे, दोन माणिक.’ परत सांगितलं. परत तेच. तिने हातांनी दाखवलं: जाळ वळवला की धूर तोंडातून मागे येतो, माणसाच्या भुवया जळतात. त्यांच्याकडे कुणाच्या तरी जळल्या असाव्यात. चौदा वेळा म्हणालो, दर वेळी जरा मोठ्याने. पत्र्यावर खडूने आकृती काढली. ती आकृतीकडे नाही, माझ्याकडे पाहत होती, कीव येते तशी.

चाकात आठ खिडक्या आहेत. नववी लागते की काय अशी पहिल्यांदाच शंका आली. ‘का’ कसं सांगायचं ते चाकात नाही.

घरी आल्यावर मी पडवीत आकृती पुन्हा काढत बसलो. दोघी स्वयंपाकघरात होत्या. भांडी, हसणं, मधेच भुवनेश्वरीचा आवाज: ‘ब्येने, ब्येने. हितं हात ठेव. ब्वेल्वे.’ ब्येने म्हणजे येतं. महिनाभर माझ्याकडून ऐकून भिंतींनाही पाठ झालं आहे.

२९ डिसेंबर, रविवार.

जमलं. सकाळी, चुलाण पेटवायच्या आधी, नवी आकृती तिच्यासमोर धरली, तर तिने ती न बघताच चुलाणाच्या मागच्या अंगाला जाऊन फटीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘सी, ब्वेल्वे.’ हो, परतते. मग तीन बोटं वर केली. तीन का ते कळलं नाही. बहुधा तीन काहिली. मग फट मोजली, तोंड मोजलं, तळाचा चढ मोजला, सगळं वहीत घेतलं. फट तोंडाच्या पाचव्या हिश्श्याची आणि तळ मागे चढता, म्हणूनच धूर उलटा येत नाही. ही या चुलाणाची सगळी किल्ली.

याचं श्रेय आकृतीला देतो. रात्रभरात मनात मुरली असणार. हे माप मला स्वतःला कसं सापडलं तेही असंच आहे. अकरावं चुलाण पाडून आलो होतो, जेवायला बसलो आणि पहिल्या भाकरीला एकदम सुचलं. सुचणं म्हणजे हेच. डोकं रिकामं ठेवलं की येतं.

३० डिसेंबर, सोमवार. वेळा अमावास्या.

गुऱ्हाळ बंद. सगळी भालकी शेतात, पिकाची पूजा करायला. आम्हीही गेलो. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, आत पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड, नुबियाबाईने त्यांना आमच्याबरोबर हात जोडले. भज्जी, म्हणजे शेंगा आणि पालेभाज्यांची मिसळीची भाजी, तिला फार आवडली. पाच वेळा घेतली, हे मोजण्याचं कारण नव्हतं पण मोजलं. आंबील कशी शिंपडायची ते भुवनेश्वरीने तिला दाखवलं आणि दोघी पिकाभोवती मडकं घेऊन फिरल्या. तुरीच्या पलीकडून बडबड ऐकू येत होती. एका भाषेत असावी, पण कोणत्या ते लांबून कळलं नाही.

माझ्याकडे आज बोलायला काही नव्हतं. शेतात हवा होती, पण ती शिरत किंवा निघत नव्हती. बाईने मला काहीतरी विचारलं, त्यात ‘तू’ होता हे ओळखलं, पुढचं नाही. ‘सी’ म्हणालो. भुवनेश्वरी फार हसली. विचारलं तर म्हणाली, ‘तिनं इचारलं, तुमी घरात बी इतकंच बोलताव का.’ असं काहीतरी असेल अशी कल्पना तिने केली असणार.

१ जानेवारी २०२५, बुधवार.

बाई गेली. सकाळची बस.

घरातून निघताना ती काहीतरी म्हणाली, त्यात ‘बोय’ होतं. भुवनेश्वरीने लगेच तिच्या तोंडावर हात ठेवला. मग उंबऱ्यात उभी करून दोनदा म्हणवून घेतलं: ‘येते.’ जाताना येते म्हणायचं, हे चाकात कुठे बसवावं ते ठरलेलं नाही.

स्टँडवर तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला पुष्कळ सांगायचं होतं: परवान्याचं, कागदाचं, बांधताना पहिली वीट कुठे ठेवायची ते. म्हणालो, ‘ला सेन्योरा बा.’ बाई जाते. तिचे डोळे भरले. भुवनेश्वरी नुसतं ‘ब्वेल्वे’ म्हणाली. वाक्य अर्धंच होतं, काय परततं ते तिने सांगितलं नाही, पण बाई तिच्या गळ्यातच पडली.

बस निघायच्या आधी मी तिची वही तपासली. माप चुकलं तर नाव माझं जाईल. चुलाणाची पानं बिनचूक. पण शेवटच्या पानावर दुसरी आकृती होती: आमच्या घरची चूल. मागे वैल, म्हणजे चुलीतला जाळ आतून वळून जिथे वरणाचं भांडं ठेवतात ती जागा. चुलीच्या तोंडावर लिहिलं होतं १५, वैलाच्या वाटेवर ३. शेजारी बोटांची खूण.

पंधरा बोटं आणि तीन बोटं. पाचवा हिस्सा.

योगायोग असतात.

३ जानेवारी, शुक्रवार.

ही दळणाला गेली असताना चूल मोजली. बोटांनी नाही, पट्टीने. तोंड साडेचोवीस सेंटिमीटर. वैलाची वाट चार पूर्णांक नऊ. तळ मागे चढता. चढही ताडून पाहिला, तोच. चुलीचं धुराडं मी बसवलं आहे. चुलीच्या आत मी एकोणतीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, असं वाटत होतं.

पहिल्या भाकरीला सुचलं, असं मी पाच दिवसांपूर्वी लिहिलं आहे. खोडत नाही, वहीत खाडाखोड नको. पण भाकरी खाताना मी बसतो कुठे, हेही लिहायला हवं. पाटावर, चुलीसमोर. वैल डोळ्यांच्या रेषेत येतो.

नोंद करतो. अर्थ काढत नाही.

५ जानेवारी, रविवार.

शेवटी विचारलं. तिला ठाऊक होतं का? ती वरण ढवळत होती. म्हणाली, ‘त्या दिशी तुमी जेवताना वैलाकडंच बघत व्हताव. हातातली भाकरी गार झाली. मी म्हनलं, बघू द्या.’

तीन वर्षं का सांगितलं नाही, असं विचारलं. तर म्हणे, ‘त्यात काय सांगायचं? चुलाण तुमीच बांदलाव की. मी काय अकरा येळा पाडले का?’

मग मी विचारलं, नुबियाबाईला वैल कुणी दाखवला. तिने पिठाच्या डब्याकडे बोट केलं आणि हसली. डब्याचा काय संबंध ते कळलं नाही.

७ जानेवारी, मंगळवार.

महेशकुमार आले, पेन घेऊनच. मी म्हणालो, कागदात एक ओळ चूक आहे. ‘एकट्याच्या’ चूक आहे. ‘कोणाही अन्य व्यक्तीकडून घेतलेली नाही’ हेही चूक. माप घरच्या चुलीचं आहे. पट्टी आणून चूल दाखवली. माणूस सभ्य, परत उकिडवा बसला, आत पाहिलं आणि म्हणाला, काही अडचण नाही, मॅडमचं नाव घालू, दोघांची सही घेऊ.

भुवनेश्वरीला बोलावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘माझं न्हाई ते. आमच्या आईनं दावलंय, चंद्रभागाबाईनं, औरादला. मी आठ वर्साची व्हते. तिचे बोट धरून मोजलं व्हतं, माझे बारके व्हते.’

महेशकुमारांनी विचारलं, त्या कुठे असतात. सासूबाई जाऊन सोळा वर्षं झाली, ते मी सांगितलं. भुवनेश्वरी म्हणाली, ‘आन तिला तिच्या आईनं. तिचं नाव मला ठावं न्हाई. किती जनींच्या सह्या आनताव, साहेब?’

मग तिने त्यांना बसायचा आग्रह केला आणि वैलावरचा चहा दिला.

ते म्हणाले, ही कागदपत्रांची भाषा असते, एवढं धरायचं नसतं, सही करून टाका. मी म्हणालो, मी एक मिलिमीटर धरणारा माणूस आहे. सुतभर चूक असली तर मी शटर परत उघडतो. खोट्या मापावर सही होणार नाही. आणि ज्या वस्तूला एकट्याचं म्हणता येत नाही, ती एकट्याने बंद कशी करायची, हेही मला जमत नाही. जाताना ते म्हणाले, विचार बदलला तर फोन करा. मी दारापर्यंत गेलो. ‘येतो’ म्हणाले. चांगला माणूस.

नंतर दुपारभर दुकानात काम होईना. ती ओळ आठवत होती. छान ओळ होती. अक्षरही मोठं होतं.

९ मार्च, रविवार.

हंगाम संपला. चुलाण निवलं. आज नुबियाबाईचा व्हिडिओ आला. डोंगर, पत्र्याचं छप्पर, खाली तीन काहिली, तोंडाशी ओलं चिपाड. जाळ आत गेला. धूर धुराड्यातून निघाला, तोंडातून नाही. सात-आठ बायका मागच्या फटीपाशी जमल्या होत्या. एकेकीने तिथे हात नेऊन पाहिला आणि एकेक म्हणाली, ‘ब्वेल्वे.’ भिंतीवर ओल्या गिलाव्यात बोटाने काही लिहिलं होतं. ज्योतीने मोठं करून वाचलं: माणिक, बुवना, भालकी. वर तीन बोटांचा ठसा. माझ्या नावात चूक नाही.

भुवनेश्वरीने उत्तर बोलून पाठवलं. अडीच मिनिटं बोलत होती, अडखळली नाही. मी बाजूला बसून ऐकलं. माझी आठ क्रियापदं त्यात होती, पण तिने ती ‘मी’, ‘तू’, ‘आपण’ अशी कुठल्या कुठे फिरवली होती. काय बोललीस म्हणून विचारलं. म्हणाली, ‘इचारलं, पुढच्या वेळ अमावशेला येतीस का आमी येऊ.’ माझ्या सकाळच्या पाठांतराचा तिला चांगला फायदा झाला आहे. उद्यापासून मीही बाकीची बत्तीस धरतो. जुनं चाक परत मागितलं तर म्हणाली, डबा उघडा राहील, इथेच चुलीशी बसून बघा.

यादी दुरुस्त करतो. खोडत नाही, पुढे लिहितो.

९. चुलाण. बांधकाम माझं, बारा वेळा. माप भुवनेश्वरीचं, तिला तिच्या आईकडून, आईला तिच्या आईकडून, त्यापुढचं नाव माहीत नाही.
१०. क्रियापदांची चाकं, नग दोन. एक आठ खिडक्यांचं, माझ्याकडे. एक चाळीस रूपांचं, पिठाच्या डब्यावर.

नाकारलेला देकार, एक: चुलाणाची रचना, माझ्या एकट्याच्या नावाने, कायमची. रक्कम रुपये अकरा लाख पंच्याहत्तर हजार.